बायनाबाईची दुसरी ओळ

बायनाबाई माझी सासू. तोंडावर मी तिला आत्याबाई म्हनायची, आन् पाठीमागं काय म्हनायची ते आता कशाला सांगू, ती वर बसून ऐकत आसंल. तलवाड्याच्या डोंगराखाली आमची धनगरवस्ती. थोडी घरं, मधी मेंढरांचे वाडे, आन् डोंगराच्या अंगाला शेवटचं घर आमचं. राज निजामाचं होतं म्हनं. आमी काय निजाम बघितला न्हवता. चराईचा कर घ्यायला सरकारचा मानूस यायचा तेवढाच. वस्तीवर खरं राज होतं डोंगरावरच्या देवीचं, आन् देवीच्या खालोखाल आत्याबाईचं. देवी तरी कधीमधी माफ करायची.

आमचं घर आराध्याचं. म्हंजे घरात देवीची परडी. वेताची टोपली असती, तिच्यात देवीचा टाक, हळदकुंकू आन् जोगव्याचं पीठ. मंगळवारी, शुक्रवारी घरोघर जोगवा मागायचा. नवरात्रात डोंगरावर जाऊन आराध बसायचं, म्हंजे घटाला माळा चढतील तंवर देवळातच राहायचं, खाली उतरायचं न्हाई. आन् रोज दिवेलागनीला देवळाम्होरं मेळा उभा राहायचा. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात जळता पोत. पोत म्हंजे चिंध्यांचा मनगटाएवढा पिळा, तेलात भिजवून पेटवलेला. त्यो अंगाभवती फिरवायचा, दंडावरनं न्यायचा, पाय झांजंवर टाकायचे आन् तोंडानं गात राहायचं. आता लाउडस्पीकर लावून आराधी गानी म्हनत्यात. म्हना बापा. आमच्या येळंला पोताच्या उजेडात जेवढी तोंडं दिसायची तेवढीच दुनिया होती, आन् ती पुरून उरायची.

मेळ्यात पुष्कळ बाया, पन माळ येकीच्याच गळ्यात. जिच्या गळ्यात माळ, ती पोत धरनार, आन् गान्याची पयली ओळ तिचीच. तिनं उचलल्याबिगर दुसरीनं तोंड उघडायचं न्हाई, असा दस्तूर. माळंचा दस्तूर तर त्याहून कडक. येकदा गळ्यात पडली की जित्यापनी निघत न्हाई. न्हातानी न्हाई, झोपताना न्हाई, बाळंतपनात न्हाई. जीव जायच्या येळंला तेवढी काढायची आन् घरातल्याच दुसऱ्या बाईच्या गळ्यात घालायची, तीबी श्वास चालू असतानाच. श्वास थांबल्यावर काढली तर ती माळ देवीला चालत न्हाई, घरातली परडी मोडती, म्हंजे देवीची सेवा त्या घरातनं जाती. म्हनून आमच्या घरात बाई आजारी पडली की लोक आधी तिच्या गळ्याकडं बघायचे, मंग तोंडाकडं.

मी लग्न होऊन आले तवा माळ आत्याबाईच्या गळ्यात होती. तिचा आवाज गोड न्हवता बरं का. गोड आवाजाच्या बाया लई बघितल्या, दोन कडव्यांत बसत्यात. आत्याबाईचा आवाज घोंगडीसारखा होता, खरबरीत आन् उबदार. मेंढरं घिऊन माळावर गेली की दिवसभर तिच्या तोंडात काहीतरी घोळायचं, आन् सांच्याला वाडा लावता लावता गानं तयार. तिच्या गान्यातली देवी सोन्यानान्याची न्हवती. तिच्या पायात काटा मोडायचा, तिची शेळी हरवायची, ती रुसून माहेराला निघायची आन् अर्ध्या वाटंवरून लेकरांच्या काळजीनं माघारी फिरायची. ऐकायला गेवराईहून बैलगाड्या यायच्या. तलवाड्याचे सुंदरराव पाटील देवळाच्या पायरीवर येऊन बसायचे आन् गानं संपलं तरी उठायचे न्हाईत. पायाखालच्या मातीला बी ते नाचनं ठाव झालतं. आज डोळे मिटले की मला तेलाचा वास येतो, पोताचा.

तर अशा सासूनं मला पयल्याच मंगळवारी समोर बसवलं आन् म्हनली, 'म्हन काहीतरी.' मी दोन ओळी म्हनले. माझा आवाज म्हंजे बिनतेलाचं मोटंचं चाक. तिनं परडी उचलून जागंवर ठेवली. मंग म्हनली, 'केसर, तुला भाकरी बरी येती.' झालं. त्यानंतर मला कुनी गायला सांगितलं न्हाई, आन् मी बी सुटले बाई म्हनून चुलीपशी सुखानं बसले.

मंग मानमोडीची साथ आली. तिकडं कुठं मोठी लढाई चालली होती, ती संपत आलती म्हनं, आन् हिकडं ह्यो ताप. पाऊस बी त्या साली दगा दिऊन गेलता. तलवाड्यात रोज कुनाची तरी तिरडी. सकाळी धुनं धुताना बोललेली बाई सांजंला न्हाई. आत्याबाई पडली ती येकदम पडली. डोळे वर, ओठ काळे, अंगाची नुसती भट्टी. आमचे मालक, आश्रुबा, नाव घेते आता, म्हातारपनी कशाची लाज, तिचा येकुलता येक लेक. त्यो उंबऱ्यात बसून नुसता मातीत रेघा वढायचा.

दगडाबाई आली. ही आत्याबाईची थोरली चुलतजाऊ, मेळ्यात सगळ्यांत वडील, दस्तूर सगळा तिच्या तोंडपाठ. तिनं छातीला कान लावला आन् म्हनली, 'हिचं काय खरं न्हाई. माळ काढा.'

मी म्हनलं, 'मोठ्या आत्या, अजून श्वास हाय की.'

'श्वास हाय म्हनूनच आता काढायची,' ती म्हनली. 'गेल्यावर काढून काय उपेग?'

तिचं चुकलं असं मी म्हनत न्हाई. आमच्यात कुनी बी हेच केलं असतं. आश्रुबा खालच्या मानेनं 'हो' म्हनला. दगडाबाईनं आत्याबाईचं डोकं उचललं, माळ काढली, आन् मी नगं नगं म्हनेपर्यंत माझ्या गळ्यात घातली. कवड्या तापानं कढत झालत्या. माझ्या गळ्याला चटका बसला आन् मला हुंदका फुटला. वस्तीनं उदो केला. सरपनाची सोय करायला मानसं गेली.

आन् दुसऱ्या दिशी सकाळी आत्याबाईनं डोळे उघडले.

पानी मागितलं. मी पाजलं. तिनं दोन घोट घेतले आन् हात गळ्याकडं नेला. गळा चाचपला. हात खाली आनला. मंग माझ्याकडं बघितलं, माझ्या गळ्याकडं. मला वाटलं आता ही मला शिव्या घालंल, आन् बरंच वाटलं असतं मला. ती येवढंच म्हनली, 'बरी बसलीया तुला.'

आता ह्यावर काय करायचं? असं कधी झालंच न्हवतं. माळ काढलेलं मानूस आमच्यात परत उठलंच न्हवतं. मी दगडाबाईच्या पाया पडले, म्हनलं, घ्या ही माळ, जिची तिला द्या. ती म्हनली, 'जित्या गळ्यातनं निघत न्हाई. तुझ्या गळ्यातनं काढायची तर तुला मरायला पायजे.' मी म्हनलं, 'मंग मरू का?' ती म्हनली, 'तुझ्या मनावर हाय का ते?' डोंगरावरच्या पुजाऱ्याला इचारलं, त्यो म्हनला देवीनं घेतली, देवीनं दिली, मी मधी पडत न्हाई. सुंदरराव पाटील चांगला मानूस, त्यांनी निरोप धाडला की गेवराईच्या बाजारातनं नवी माळ करून देतो. आत्याबाईनं निरोप्याला ताक पाजलं आन् सांगितलं, 'पाटलाला म्हनावं, कवड्या मिळत्यात. माळ न्हाई मिळत.'

तिच्या मनानं घेतलं की देवीच्या लेखी आपन मेलोय. तिनं गानंच सोडलं. जात्यावर न्हाई, माळावर न्हाई, वाडा लावताना न्हाई. घर येवढं गप झालं की मला रांजनात पडलेला थेंब ऐकू यायचा. जी बाई मला दिवसात धा येळा बोलायची ती आता मी भाकरी करपवली तरी गुमान खायची. मला त्याची भीती वाटायला लागली. शिव्या देनारी सासू परवडली, बाई. गप बसलेली सासू न्हाई परवडत.

पुढचं नवरात्र आलं आन् पोत माझ्या हातात. नाचायला मी बरी होते, पोताची बी भीती न्हवती. पन पयली ओळ मलाच उचलायची ना. मी उचलली आन् गाडीवरची मानसं खोकायला लागली. पोरं फिदीफिदी हसली. संबळ वाजवायला शहादेव गोंधळी यायचा, त्यानं माझ्या सुराकडं बघून संबळ येवढा हळू केला की जनू दुसऱ्या गावात वाजतोय. दुसऱ्या दिशी गाड्या कमी आल्या. तिसऱ्या दिशी अजून कमी. आत्याबाई खाली वस्तीवरच राह्यलेली. आराध बसायला आलीच न्हवती.

पुढच्या सांजंला ती वर आली. धापा टाकत, हातात झांज. माझ्याकडं बघून म्हनली, 'वारं खालच्या अंगाचं हाय. समदं ऐकू येतंय.' आन् सगळ्या बायांच्या मागं जाऊन बसली. गळा उघडा. मी देवीचं नाव घेतलं, पोत उचलला आन् तिचंच येक गानं धरलं.

माळावरी ऊन आलं, आई दिसं ना

चाक करकरलं. ओळ पार खाली जाऊन पडली. आन् तेवढ्यात मागनं आवाज आला.

मेंढरांच्या खुरामधी पाऊल पुसं ना

ती घोंगडी. वरीस झालं, ऐकली न्हवती. तिनं माझी पडलेली ओळ उचलली, झटकली, आन् जिथं ठेवायची तिथं नेऊन ठेवली. शहादेवचा हात आपोआप जोरात पडला. माझ्या डोळ्यांतनं पानी चाललं होतं आन् पोत नाचत होता. दगडाबाईनं हरकत घ्यायला तोंड उघडलं, आन् मिटलं. पयली ओळ माळवालीची, हे दस्तुरात होतं. दुसरी कुनाची, हे कुनी सांगूनच ठेवलं न्हवतं.

तवापासनं आमच्या मेळ्यात गानं असं दोघींचं झालं. आधी वंगाळ, मंग चांगलं. गेवराईच्या गाड्या परत यायला लागल्या. नवे लोक पयल्या ओळीला तोंड वाकडं करायचे तर जुने त्यांना कोपरानं ढोसायचे, थांब बे, पुढं ऐक. काय दिवस होते ते. सांजंचं वारं, खाली वस्तीवर मेंढरांचं बेंबटनं, वर आमच्या झांजा. आत्याबाई घरी बी बोलायला लागली, म्हंजे माझ्यावर डाफरायला. ओळ कुठं सोडायची ते मला शिकवायची. म्हनायची, 'चांगली म्हनू नगंस, ते तुला जमनार न्हाई. सरळ म्हन. वाकडी आली तर मला धरता येत न्हाई.'

पन तिला माळ पायजे होती. कुनी इचारलं तर न्हाई म्हनायची. मला ठाव होतं. माळंचा दोरा झिजला की बदलावा लागतो, आन् गळ्यातनं काढायची तर न्हाई, मंग गळ्यातल्या गळ्यातच थोडथोड्या कवड्या जुन्या दोऱ्यावरनं नव्यावर घ्यायच्या. हे काम ती करायची. मी खाली बसायची, ती पाठीमागं. येक येक कवडी तेलानं पुसायची, ओवायची. तिची बोटं माझ्या मानंला लागायची आन् मधीच थांबायची. कितीतरी येळ थांबायची. मी मागं वळून बघत नसायची. काय बघायचं? माझ्या जिवाला लई लागायचं ते. तिचं होतं, आन् माझ्या गळ्यात होतं, आन् दोघींनाबी इलाज न्हवता.

अशी काही वर्सं गेली. मला पयला लेक झाला, मंग दुसऱ्या खेपंला दिवस भरले ते ऐन वैशाखात. मालक मेंढरं घिऊन गंगेकडं गेलते. गोदावरीला आमी गंगाच म्हनतो. सकाळी पोरगी झाली, सुखानं झाली, पन माझं रगत काही थांबंना. सुईननं पोट चोळलं, काढा दिला, पलंग पायाकडनं उंच केला. ऊन चढत गेलं आन् मी गार पडत गेले. हातपाय माझे न्हाईतच असं वाटायला लागलं. डोळे उघडत न्हवते, पन कान उघडे होते. सगळं ऐकू येत होतं.

दगडाबाईचा आवाज आला. ती लई म्हातारी झालती, काठी टेकत आलती. म्हनली, 'बायना, हात लाव हिला. गार पडली. माळ काढ.'

तिची काठी भुईवर आपटली.

'घरात दुसरी बाई न्हाई,' दगडाबाई म्हनली. 'तुझ्याच गळ्यात पडनार. देवीनं नेली होती ती देवीच दितीया. घे.'

खरं सांगते, मला त्या घडीला वाईट वाटलं न्हाई. मला वाटलं, चला, बरं झालं. जिचं तिला मिळालं. आता गानं पयल्यापासनं चांगलं होईल. पोरं आत्याबाई संभाळंल. मी मनातल्या मनात मान सुद्धा जरा उचलली, तिला काढायला सोपं जावं म्हनून. उचलली गेली का न्हाई, ठाव न्हाई.

मंग माझ्या गळ्यावर तिचा हात आला. मूठ वळली. माळ मुठीत धरली आन् हात तसाच माझ्या छातीवर दाबून ठेवला.

'न्हाई काढायची,' आत्याबाई म्हनली.

'अगं, श्वास गेला तर परडी मोडंल घराची.'

'मोडू दे.'

'देवीचा कोप होईल, बायना.'

'हू दे. माझ्यावर हू दे.' तिचा आवाज कापत होता, मी तसा कधी ऐकला न्हवता. 'जाऊबाई, तुमी माझी माळ काढली तवा तुमाला वाटलं मला सूद न्हाई. मी आत ऐकत होते. समदं ऐकत होते. माझा लेक हो म्हनला ते ऐकलं. सरपनाला मानसं गेली ते ऐकलं. समद्यांनी माझा हात सोडलेला मला कळला. कशी माघारी आले ते माझं मला ठाव. हिचा हात मी सोडनार न्हाई. हिला बी आत ऐकू येत आसंल.'

दगडाबाई खाली बसली तिथंच. आत्याबाईनं सुईनला म्हनलं, 'तुझं काम कर तू.' आन् माझ्या कानाशी तोंड आनलं.

'केसर, पयली ओळ म्हन.'

मला हसू आलं आतल्या आत. मी मरतीया तरी ही बाई काम सांगती.

'म्हन म्हनते ना. मला माळ न्हाई, मला सुरवात करता येत न्हाई. तू म्हन.'

मी म्हनलं का न्हाई मला सांगता यायचं न्हाई. सुईन सांगती ओठ हलले, आवाज काही निघाला न्हाई. पन आत्याबाईला तेवढं पुरलं. तिनं दुसरी ओळ उचलली. मंग परत कानाशी आली, 'पुढची म्हन.' मी ओठ हलवले. तिनं उचलली. भर उन्हाची, झांज न्हाई, संबळ न्हाई, पोत न्हाई, बाळंतिनीच्या खोलीत विटाळाचा बी इचार न करता ती गात राह्यली आन् मूठ काही सोडली न्हाई. बाहेर वस्तीची मानसं वाड्याच्या काट्यांना टेकून उभी होती. मी म्हनायचं सोडलं तर ही थांबंल, आन् थांबली तर रडंल, येवढंच मला कळत होतं. म्हनून मी ओठ हलवत राह्यले. छपरावरचं ऊन उतरलं तवा सुईन म्हनली, थांबलं बाई रगत, थांबलं.

पोरगीचं नाव विमल ठेवलं. महिनाभर आत्याबाईनं मला अंथरुनातनं उठू दिलं न्हाई. माझ्या गळ्यावर कवड्यांचे वळ उठलते, तिनं दाबून धरलेल्या, ती रोज त्याला लोनी लावायची. असंच लोनी लावताना मी इचारलं.

'आत्याबाई, माळ तुमचीच होती. हातात आलती. कावून घेतली न्हाई?'

मी रडायला लागले. ती खेकसली, 'रडू नगं, दूध आटंल लेकराचं.' मंग लोन्याची बोटं पदराला पुसली, विमलला माझ्या कुशीत सरकवलं आन् भिंतीकडं बघत म्हनली, 'तुझी पयली ओळ लई वंगाळ असती, केसर. पन आता तिच्याबिगर मला दुसरी येत न्हाई.'